आईसाठी तापवलेली जमीन

मला घर बांधण्यातलं काही कळत नाही, पण उष्णतेतलं कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. सिरॅमिकमधून उष्णता कशी वाहते यावर मी जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला, त्यावर नोकरी मिळवली. त्याच जोरावर, आमच्या घराला मागच्या अंगाला एक खोली वाढवायची ठरली तेव्हा, जमिनीखालचं हीटिंग कुठलं घ्यायचं ते मी ठरवणार, दुसऱ्या कुणी त्यात नाक खुपसायचं नाही, असं जाहीर करून टाकलं. नवऱ्याने लगेच हात वर केले. तो सॉफ्टवेअरमधला माणूस. त्याच्या मते खोली गरम होते किंवा होत नाही, मधलं काही नसतं.

खोली आईसाठी होती. बाबा गेल्यावर ती चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती आणि मी तिची एकुलती एक मुलगी. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती ती. हजारो लोकांचे आवाज जोडून दिले, पण स्वतःच्या आवाजात काय चाललंय याचा पत्ता कुणाला लागू द्यायची नाही. तीन वर्षं मी तिच्या मागे लागले होते, इकडे ये म्हणून. तिचं एकच, "लेकीच्या घरी कायमचं राहतात का गं कुणी? जावई काय म्हणतील?" जावई काहीच म्हणत नव्हते. जावई तिच्या हातच्या थालीपिठाची वाट बघत होते. पण हे तिला पटायचं नाही आणि मी फोनवर चिडायचे, कुठल्या काळात राहतेस म्हणून ओरडायचे. शेवटी एकदा ती म्हणाली, "बरं, येते. जमेल तेवढे दिवस राहीन." व्हिसा नव्वद दिवसांचाच मिळणार होता. पुढे मुदत वाढवून मिळेल का, यावर व्हिसाची कामं करणारा माणूस मान तिरकी करून "कदाचित" म्हणाला होता. त्या कदाचितवर मी खोली बांधायला काढली.

जमीनच तापवायची असं ठरायला कारण होतं. आई खुर्चीत बसत नाही. भाजी निवडणं, पेपर वाचणं, फोनवर बोलणं, सगळं जमिनीवर, पाय लांब करून, पाठ भिंतीला टेकून. याआधी एकदाच आली होती, ऑक्टोबरमध्ये, तेव्हाच तिने पाय पोटाशी घेतले होते आणि म्हणाली होती, "जमीन किती गार गं तुमची!" इथली घरं तशीच. बसायची तेवढी खोली तापवायची आणि बाकी घर थंडीच्या हवाली करायचं. मोरीत जाताना कोट घालणारी माणसं मी इथेच पाहिली.

खोली बांधणारे गृहस्थ साठीचे होते. इथे घर बांधून देणाऱ्याला सुतारच म्हणतात, आणि ते खरोखरच सुतार होते, बोलता बोलता दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवून बघायचे. त्यांनी तीन पर्याय मांडले. गॅसवर तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरवायचं, किंवा तेच पाणी रॉकेलच्या बॉयलरवर तापवायचं, किंवा लाकडी फरशीखाली विजेचे पातळ तक्ते घालायचे. त्यांचा कल पाण्याकडे होता. पाण्याची ऊब मऊ असते म्हणाले, सगळीकडे सारखी, आणि एका मर्यादेच्या वर जात नाही. विजेच्या तक्त्यांचं काम सोपं, पण त्यांच्यावर एखादी जाड वस्तू पडून राहिली तर तिच्याखाली उष्णता साठत जाते.

हे मला सांगायची गरज नव्हती. साठणारी उष्णता हा माझा धंदाच. मी लॅपटॉपवर तक्ता केला, प्रत्येक पर्यायाला दहा निकष, प्रत्येक निकषाला गुण. नवरा म्हणाला, "दुसरी पीएच.डी. करतेयस का?" मी म्हटलं, "तू चहा कर."

खरं तर गुण कितीही मांडले असते तरी उत्तर आधीच ठरलेलं होतं, आणि ते भूकंपाने ठरवलं होतं. तो झाला तेव्हा आम्ही नदीपलीकडच्या भाड्याच्या घरात राहत होतो. मुलगी पाच वर्षांची होती. त्या संध्याकाळी बर्फ पडला. वीज नाही, पाणी नाही, गॅस नाही. आम्ही तिघं एका दुलईत अंगावरच्या कोटांसकट बसून होतो आणि जमीन थोड्या थोड्या वेळाने हलत होती. काही दिवसांनी वीज आली. ती आली त्या क्षणी मी रडले होते, पंख्यासारख्या छोट्या हीटरसमोर बसून. गॅस यायला मात्र महिना उलटून गेला. रॉकेलसाठी माणसं डबे घेऊन बर्फात तासन्‌तास रांगेत उभी होती. आई रोज फोन लावायची, लागायचा नाही, आणि लागला की एकच म्हणायची, "परत या." आम्ही गेलो नाही. माझे प्रयोग अर्धवट होते. आज सांगायला लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

म्हणून मी वीज निवडली. सुतारांना म्हटलं, पुन्हा तसं झालं तर वीज सगळ्यात आधी येईल, आईला महिनाभर गार जमिनीवर ठेवायची माझी तयारी नाही. त्यांचं स्वतःचं घर समुद्राच्या बाजूला होतं, ते त्सुनामीत गेलं होतं, आणि या विषयावर ते कुणाशी वाद घालत नसत.

मग त्यांनी एक छापील फॉर्म काढला. हीटिंगच्या कंपनीकडून आलेला, दोन्ही बाजूंनी प्रश्नांनी भरलेला. इथे झाडू विकत घेतला तरी सोबत सूचनांचं पुस्तक येतं, त्यामुळे मी आधीच वैतागलेली. खोली कोण वापरणार? वय किती? जमिनीवर बराच वेळ एका जागी बसण्याची किंवा निजण्याची सवय आहे का? हो. काही जुना आजार? सुतार पेन धरून थांबले.

मी म्हटलं, "नाही."

मी खोटं बोलले नाही. आईला शुगर होती, पंधरा-सोळा वर्षं. पण शुगर म्हणजे आजार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या चिंचवडच्या बिल्डिंगमध्ये शुगर नसलेलं घर सापडायचं नाही. बाबांना होती, मावशीला होती, वरच्या मजल्यावरच्या काकूंना होती. लग्नाच्या पंगतीत बायका एकमेकींना हसत हसत सांगायच्या, मला जिलबी नको, शुगर आहे. आजार म्हणजे ॲडमिट व्हावं लागतं ते. शुगर म्हणजे चहात साखर न घालणं. पुढचा प्रश्न होता, हातापायांना बधिरपणा आहे का? त्याला मी म्हटलं, "बहुतेक नाही." तेव्हा सुतारांनी पेन खाली ठेवलं आणि नम्रपणे म्हणाले, एकदा विचारून घ्याल का?

त्याच रविवारी दुपारी विचारलं. जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला होता, स्पीकरवर. नवरा शेजारी संत्रं सोलत होता. मी म्हटलं, "आई, इथे खोलीसाठी विचारतायत, तुला पायाला बधिरपणा वगैरे काही आहे का?"

"मला? काही नाही गं. ठणठणीत आहे." मग जरा आवाज चढवून, "तुम्ही कसे आहात? सर्दी गेली का?" हे नवऱ्याला.

जावई ऐकतायत म्हटल्यावर ती दुसरं काय सांगणार होती? लेकीच्या घरी राहायला जायचं, आणि वर दुखणी घेऊन? मी तिच्या पोटची, मला हे कळायला हवं होतं. पण मला काम पुढे सरकायला हवं होतं. सोमवारी मी सुतारांना मेल केली की काही नाही.

खोली नोव्हेंबरात झाली. लहानशीच, एका बाजूला मोठी खिडकी, फिकट लाकडाची जमीन. पहिल्यांदा हीटिंग सुरू केलं तेव्हा मी अनवाणी उभी राहिले. पायातून ऊब हळूहळू वर आली आणि मला एकदम हलकं वाटलं, जणू इतक्या वर्षांचं काहीतरी फिटलं. मुलीला बोलावलं, नवऱ्याला बोलावलं. तिघंही जमिनीवर आडवे झालो आणि छताकडे बघत बसलो.

आई डिसेंबरात आली. सामानात गोधडी होती, तिनेच जुन्या साड्यांची शिवलेली, चांगली जाडजूड. पहिल्याच दिवशी तिने ती चौघडी करून भिंतीशी घातली आणि तिच्यावर बसली. मी म्हटलं, "आई, यावर काही घालायचं नसतं. उष्णता साठते खाली."

"नुसत्या लाकडावर कशी बसू गं? हाडं टोचतात."

मी गोधडी काढून ठेवायची, ती पुन्हा घालायची. चार दिवसांनी मी हात टेकले. रेग्युलेटर दोन घरं खाली आणला आणि मनात म्हटलं, पुरे झालं.

तो महिना दीड महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात समाधानाचा काळ होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. संध्याकाळी मी सायकल लावून आत यायचे तर स्वयंपाकघरातून मोहरीचा वास यायचा. मी कोट न काढताच तिच्या खोलीत डोकवायचे आणि विचारायचे, "ऊब आहे ना?" ती पायांतल्या लोकरी मोज्यांकडे बघून म्हणायची, "छान ऊब आहे गं. अगदी छान." मावशीला फोनवर सांगायची, "लेकीने माझ्यासाठी जमीन तापवलीय, बघ." मी पलीकडच्या खोलीत ते ऐकायचे आणि फुगायचे. सकाळी विचारायचे, संध्याकाळी विचारायचे. लॅबमध्ये लोकांना सांगायचे की आई खूश आहे.

जानेवारीच्या शेवटी एका शनिवारी मुलगी माझ्याजवळ आली आणि जपानीत म्हणाली की आजीचा मोजा ओला आहे. मला वाटलं पाणी सांडलं असेल. आई म्हणाली, "काही नाही, घाम असेल." मी खाली बसून मोजा काढायला लागले तर तो टाचेला चिकटला होता. ओढला तेव्हा तिने हुं की चूं केलं नाही. टाचेच्या मागे पांढरट, मेणासारखा डाग होता, कडेने लाल, आणि मध्ये खोल. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे कधी झालं?"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तरुण होती. तिने जखमेवर टोकेरी काहीतरी टेकवून विचारलं, दुखतंय का? मी मराठीत विचारलं. आई म्हणाली, नाही. डॉक्टर म्हणाली, दुखत नाही हेच वाईट आहे. मग तिने एक शब्द वापरला. तो इथल्या प्रत्येक हीटरच्या, प्रत्येक गरम पाण्याच्या पिशवीच्या डब्यावर छापलेला असतो. चटका न बसता भाजणं. वस्तू फार गरम नसते, नुसती कोमट असते, पण माणूस तिच्यावर तासन्‌तास तसाच राहतो आणि आतून भाजत जातो. धडधाकट माणूस पाय हलवतो, कारण त्याला कळतं. तिने विचारलं, मधुमेह आहे का? मी हो म्हटलं. किती वर्षं? मी सांगितलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या टेबलावर डोकं आपटून घ्यावं असं मला वाटलं.

मग म्हणाली, यांना विचारा, पायाला कळेनासं कधीपासून झालंय?

मी विचारलं. आईने दाराकडे पाहिलं. "जावई बाहेर आहेत ना?"

"बाहेर आहे. सांग."

"चार वर्षं झाली असतील. चप्पल निसटली तरी कळत नाही. वाहणाऱ्या पाण्यात पाय धरला तर गार की गरम ते नाही कळत." आणि घाईघाईने, "पण मी नीट चालते गं."

मी ते जपानीत सांगितलं. आवाज कापला नाही. आपला आवाज इतका सरळ राहू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी गोधडी उचलली, भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि मग तिच्यावर ओरडले. आजारी, पायाला बँडेज बांधलेल्या माणसावर ओरडले. "कळत नव्हतं तर रोज ऊब आहे म्हणून कशाला सांगायचीस? रोज! दोनदोनदा!"

ती खुर्चीत बसली होती, पहिल्यांदाच, स्टुलावर पाय ठेवून. म्हणाली, "जावयांच्या घरात येऊन कसं सांगू, मला काही कळत नाही म्हणून? एवढं बांधलंत तुम्ही."

मी तेच धरून राहिले. मला ते सोयीचं होतं. सगळा दोष त्या जावई-प्रकरणाला देता येत होता, तिच्या पिढीला, चिंचवडला. नवऱ्याने मात्र खिन्न होऊन विचारलं, "मी कधी काही बोललो का त्यांना?" बोलला नव्हता.

सुतारांना कळवलं तर ते दुसऱ्याच दिवशी आले, सूट घालून, हातात मिठाईचा खोका, आणि उंबरठ्यावर कमरेत वाकून उभे राहिले. उठेचनात. मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही. तुम्ही विचारलं होतं. मीच नाही म्हटलं." ते म्हणाले, "तुम्हाला भूकंपाची भीती होती. मी आग्रह धरायला हवा होता." मग अगदी हळू आवाजात म्हणाले की त्या खोलीची जमीन उकलून खाली पाण्याच्या नळ्या टाकता येतील, खर्च ते सोसतील. मी त्यांना त्या खोलीत नेऊन चहा दिला. त्यांच्या सॉक्सखाली जमीन गार होती, ती त्यांना जाणवली असणारच. कुणाच्या पायाखाली काय तापवायचं, हा प्रश्नच आता उरला नव्हता.

जखम भरली नाही. फेब्रुवारी गेला. रोज ड्रेसिंग, आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल, आणि ती प्रत्येक वेळी परतताना म्हणायची, "तुझी सुट्टी गेली गं माझ्यापायी." व्हिसाची मुदत वाढवण्याचा अर्ज आम्ही केलाच नाही. केला असता तरी तिने सही केली नसती. मार्चमध्ये व्हीलचेअरवरून ती विमानात बसली, नवरा सोबत गेला. मला प्रयोगशाळेत ऑडिट होतं. हो, तेव्हाही.

मे महिन्यात चिंचवडला तिचा डावा पाय घोट्याच्या वर काढावा लागला. मी त्या वेळी गेले, तीन आठवडे राहिले, मावशीकडे तिची व्यवस्था लावली आणि परत आले. सर्जनने सांगितलं, आता प्रवास नको. आम्ही आता पुढच्या वर्षाबद्दल बोलत नाही. फोनवर भाज्यांचे भाव बोलतो, पाऊस बोलतो. मुलगी फोन घेते आणि तिच्या तुटक मराठीत आजीला विचारते, जेवलीस का?

मागची खोली आता गाद्या, जुनी पुस्तकं आणि कपडे वाळवायचा स्टँड यांची झाली आहे. हिवाळ्यात तिथे जाताना मी स्लीपर घालते. नवऱ्याने एकदा विचारलं, हीटिंग चालू करून बघू का, तक्ते खराब होतील नाहीतर. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

परवा रविवारी फोन केला तेव्हा मावशी देवळात गेली होती आणि आई एकटीच होती. मी इकडे त्या मागच्या खोलीतच उभी होते, स्टँडवरचे वाळलेले कपडे काढत. नवरा मुलीला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेला होता. आई नेहमीसारखं बोलली आणि मधेच म्हणाली, "अगं, त्या पायाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याला नाहीतरी काही कळत नव्हतं. गेला तर गेला." मी काही बोलले नाही. टेलिफोनवर गप्प झालेल्या माणसाचं काय चाललंय, हे तिच्याइतकं कुणाला कळत असेल?

"पण तुझ्या खोलीत ऊब मात्र छान होती हो," ती म्हणाली.

आता तिच्याजवळ कुणी नव्हतं, माझ्याजवळ कुणी नव्हतं. जावयांपासून लपवण्यासारखं तर काहीच उरलेलं नव्हतं. म्हणजे ते जावयांसाठी नव्हतंच, कधीच नव्हतं. रोज दोन वेळा मी कोट न काढता दारात उभी राहून तिच्या तोंडाकडे बघायचे, आणि मला हवं ते उत्तर ती देत राहिली, टाच भाजेपर्यंत.

"हो आई," मी म्हटलं. "छान होती."